तेक्लाचं नाव

बेनी : मान सरळ ठेवा, साहेब. सारखं आरशातून त्यांच्याकडे बघताय, मग हनुवटीखालची वळी मला दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसते.

माइल्स : यांना आत कोणी सोडलं?

बेनी : मी. दारावर उभ्या होत्या, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. म्हणाल्या, माइल्स कॉर्विनच्या गावाहून आले. म्हटलं, या. एकतीस वर्षं तुमचा चेहरा रंगवतोय, तुमच्या गावचं माणूस आज पहिल्यांदा बघतोय.

माइल्स : माझं गाव फिलाडेल्फिया. वीस लाख माणसं राहतात तिथे. बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, बरं वाटलं. सही केलेला फोटो हवा असेल तर बाहेर एक मुलगी बसलीय, ती देईल. आता मला कार्यक्रम आहे.

पाराश्का : पगाच आणलंय. कोबीचं. ईस्टरआधीचे उपास चालू आहेत, म्हणून लोणी घातलेलं नाही.

बेनी : पगाच म्हणजे काय हो?

पाराश्का : भरलेली भाकर. चार दिवस बसमध्ये होते, जरा कडक झालं असेल. पण त्याला कडकच लागायचं. कडा तोडून खायचा आणि मधला गोळा माझ्या ताटात टाकायचा.

माइल्स : बेनी, जरा बाहेर जा.

बेनी : जातो की. मग हा डावा गाल असाच राहील, आणि अख्ख्या देशाला अर्धा माइल्स कॉर्विन बघावा लागेल. टीव्हीवर थेट दाखवणार आहेत, साहेब. इथे पाच वाजता, न्यूयॉर्कला आठ. मला अजून वीस मिनिटं लागतील. मला बहिरा समजा. तीन लग्नं आणि तीन घटस्फोट याच खुर्चीत ऐकलेत मी, कुणाला कळलं?

पाराश्का : मला 'तुम्ही' म्हणतोय. ऐकलंत का, मेकअपवाले? याचं शेंबडं नाक मी माझ्या परकराला पुसायची. तो मला 'बाई' आणि 'तुम्ही'.

माइल्स : ...पाराश्का.

पाराश्का : हां. आवाज फुटला एकदाचा.

माइल्स : कशाला आलीस? नाही, तसं नाही. बस. बस आधी. बेनी, त्यांना... तिला खुर्ची दे.

बेनी : कोण या?

माइल्स : बहीण.

बेनी : कुणाची?

पाराश्का : याची. थोरली. तीन वर्षांनी.

बेनी : साहेब, मागच्या महिन्यात त्या निर्मात्याकडच्या पोरीनं माझ्याकडून तुमच्या आयुष्याची सगळी माहिती लिहून घेतली. मी पाठ म्हणून दाखवली. बाप कर्नल, क्यूबाच्या लढाईत पडला. चार वर्षांचा असताना आई क्षयानं गेली. सख्खं कुणी नाही. वाढला अनाथाश्रमात. मी सगळ्या जगाला हेच सांगत आलो.

माइल्स : तुला जे दिलं ते तू सांगितलंस.

पाराश्का : बाप कर्नल! अरे वा. सात नंबरच्या खाणीत छत कोसळलं तेव्हा त्याच्याजवळ एक फावडं होतं आणि एक खेचर. कर्नल म्हणे.

बेनी : थांबा, थांबा. मग ही कपाळावरची निळी खूण? ही मी रोज झाकतो ती? तलवारबाजी शिकताना लागलं होतं ना, साहेब?

पाराश्का : तलवार? नऊ वर्षांचा होता. कोळशातले दगड निवडायला बसायचा, कोळसा खाली येतो त्या घसरगुंडीच्या तोंडाशी. पाय सटकला, कपाळ फुटलं. जखमेत कोळशाची भुकटी राहिली ती राहिली. आत गेलेला कोळसा निघत नाही, वर कातडी येते आणि खाली निळा दिसतो. आमच्या गावात, ब्लॅक रनमध्ये, एकही पुरुष असा नाही ज्याच्या अंगावर हा डाग नाही.

बेनी : एकतीस वर्षं मी कोळसा झाकतोय.

माइल्स : चांगला झाकतोस.

बेनी : आता कौतुक नको, साहेब. मला वाईट वाटतंय, तर वाटू द्या.

माइल्स : पाराश्का, तू काय मागायला आलीस ते सांग. मी नाही म्हणणार नाही. पण आज नको. आज माझ्यासाठी फार मोठा दिवस आहे. तुला कळणार नाही.

पाराश्का : मग कळव.

माइल्स : नऊ वर्षांत मला धड काम नाही. एकेकाळी मी स्टुडिओत शिरलो की सुतार हातोडी थांबवायचे. आता फाटकावरचा माणूस नाव विचारतो. आज हे लोक माझा गौरव करताहेत, आणि बाहेर जो बसलाय ना, साबण कंपनीचा माणूस, त्यांची दर आठवड्याची मालिका येतेय. म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम. आज मी त्याला आवडलो तर ते काम माझं. नाहीतर मी संपलो. त्याला अनाथ पोराची गोष्ट फार आवडते. त्याच्या बायकोला तर रडू येतं.

पाराश्का : मला तुझं काही नको. कोट पण नको. तो तू पाठवलेला केसाळ कोट आईनं कधी अंगाला लावला नाही. थंडीत खिडकीच्या फटीत कोंबायची.

माइल्स : मी पाठवला तेव्हा...

पाराश्का : नाव न घालता पाठवलास. म्हणाली, मेलेल्या बाईला कोट कशाला?

माइल्स : तिला माहीत होतं?

पाराश्का : काय?

माइल्स : ते मासिकातलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मला वाटलं, तिच्यापर्यंत पोचणारच नाही. खरंच असं वाटलं मला. डॉब्स म्हणायचा, ती गावाबाहेर जात नाही, वाचत नाही, कुणाचं काय बिघडतं?

बेनी : डॉब्स म्हणजे आपला प्रसिद्धीवाला? टक्कलवाला?

माइल्स : तोच. त्यानंच नाव दिलं मला. म्हणाला, इल्को कुझ्मियाक हे दारावर लिहायचं नाव आहे, पोस्टरवर लिहायचं नाही. मग म्हणाला, आईवडील काय करतात? मी सांगितलं. बाप गेला, आई खाणवाल्यांचे कपडे धुते, तिला चार शब्द इंग्रजीचे येत नाहीत. तो पेन्सिल चावत बसला. मग म्हणाला, पांढरे हातमोजे घालून सरदाराची कामं करायचीत तुला, ही आई चालायची नाही. आणि त्यानं लिहून टाकलं. मी नुसती मान डोलावली, पाराश्का. एकदाच. तीस वर्षांचा होतो.

पाराश्का : एकदा डोलवलीस ती डोलवतच राहिलास.

बेनी : डोळे मिटा, साहेब. पापणीला लावतोय.

पाराश्का : मिट. तसंच ऐक. चोवीस साल. न्हाव्याच्या दुकानात ते मासिक आलं. तुझा फोटो, हातमोजे घातलेला. न्हाव्याच्या पोरीनं धावत येऊन आईला दाखवलं. आई हात पुसत बाहेर आली. म्हणाली, वाच. पोरगी वाचायला लागली आणि मध्येच गप्प झाली. आई म्हणाली, काय लिहिलंय? पोरगी म्हणे, काही नाही, तेक्लामावशी. आई म्हणाली, मला माझ्या पोराचं ऐकायचंय, वाच. मग तिनं वाचलं. चार वर्षांचा असताना आई वारली. हातांना लव्हेंडरचा वास यायचा.

माइल्स : लव्हेंडर डॉब्सनं घातलं होतं.

पाराश्का : तिच्या हातांना सोड्याचा वास यायचा. आठ घरांचे खाणीतले कपडे धुवायची. बोटांच्या पेरांना भेगा. तुला आठवत नाही?

माइल्स : आठवतं.

पाराश्का : तिनं फक्त एक विचारलं. हे छापणाऱ्यानं मनचं लिहिलंय, का इल्कोनं सांगितलंय? पोरीनं पुन्हा वाचलं. म्हणाली, त्यानं स्वतः सांगितलं असं लिहिलंय. मग आई आत गेली आणि उरलेले कपडे पिळले.

माइल्स : मग?

पाराश्का : मग उपासाचे दिवस आले. आता तुला आठवतं का, उपासाच्या शनिवारी चर्चमध्ये काय होतं?

माइल्स : नावं वाचतात.

बेनी : कसली नावं?

माइल्स : मेलेल्यांची. प्रत्येक घरातून एक वही जाते. त्यात आपापल्या मेलेल्यांची नावं. फादर एकेक घर घेऊन सगळी नावं मोठ्यानं वाचतात. लहानपणी मला कंटाळा यायचा. दोन दोन तास नुसती नावं.

पाराश्का : त्या वर्षी आई फादरकडे गेली आणि म्हणाली, आमच्या वहीत एक नाव वाढवा. तेक्ला. फादर म्हणाले, कोण ही तेक्ला? ही म्हणाली, आम्ही सोडून आलो त्या जुन्या देशात आमच्यात एक होती, गेली. फादरनी लिहिलं. शनिवारी मी तिच्या शेजारी बसले होते. आजोबा, आजी, बाबा, आणि मग तेक्ला. मला वाटलं फादर चुकले. मी तिच्याकडे बघितलं, तर ती डोकं खाली घालून छातीवर क्रूस करत होती.

माइल्स : स्वतःसाठी?

पाराश्का : मी बाहेर आल्यावर भांडले. म्हटलं, आई, तुला वेड लागलंय का? जिवंतपणी स्वतःला वाचायला लावतेस? ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, माझ्या पोरानं सगळ्या जगासमोर सांगितलंय की मी मेले. मी जिवंत राहिले तर तो खोटारडा. उद्या देव त्याला विचारेल, आईला जिवंतपणी का मारलंस? तेव्हा वहीत माझं नाव असू दे. देवाला म्हणता येईल, बघ, चर्चमध्येसुद्धा वाचलं होतं.

बेनी : अरे देवा.

पाराश्का : सतरा वर्षं. दर उपासात, दर शनिवारी. स्वतःचं नाव ऐकायची आणि क्रूस करायची. एकतीस साली शहरातल्या पेपरचा माणूस आला, त्याला काहीतरी वास लागला होता. त्यानं विचारलं, माइल्स कॉर्विनची आई तुम्हीच ना? तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मला मध्ये उभं केलं. आणि मला म्हणाली, सांग त्याला, मी तिची बहीण. ती बिचारी कधीच गेली. मी सांगेना, तर दंडाला धरून चिमटा काढला, लहान पोरीला काढावा तसा. मी चाळीस वर्षांची होते, इल्को. माझ्या तोंडून तिनं स्वतःला मारून घेतलं.

बेनी : साहेब, डोळे पुसू नका. पापणीचं सगळं उतरेल. हे घ्या, असं टिपा. नुसतं टिपा.

माइल्स : मी तिला पत्रं लिहिली होती.

पाराश्का : दोन. आणि दोन्ही मी वाचून दाखवली. पाठ होती तिला. दुसऱ्यात लिहिलं होतंस, वसंतात येतो. कुठला वसंत ते लिहायचं राहिलं.

माइल्स : आणि ती गेली तेव्हा... तुझी तार जेवणाच्या सुट्टीत मिळाली. डॉब्स शेजारी उभा होता. म्हणाला, चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या आईच्या मयताला कसा जाणार? पेपरवाले तुझ्या आधी पोचतील. मी म्हटलं, खरंय. आणि सुट्टीनंतर आमचा सीन होता, युद्धावरून परत आलेला मुलगा आईच्या थडग्याशी बसतो तो. एका टेकमध्ये झाला. लाइटवाले रडले. बेनी, तू होतास.

बेनी : होतो. मी पण रडलो. म्हटलं, बाप रे, हा माणूस कुठून काढतो हे!

माइल्स : त्या सीनसाठी मला बक्षीस मिळालं. घरी कपाटात आहे.

पाराश्का : आम्ही बघितला तो. गावात आला तेव्हा अर्धं गाव रडलं. मी तुझ्या बुटांकडे बघत बसले. एवढे चकचकीत बूट घालून कोण युद्धावरून येतो?

माइल्स : काय हवंय तुला, पाराश्का? सांग. काय करू?

पाराश्का : तिच्या दगडावर साल नाही.

माइल्स : म्हणजे?

पाराश्का : मरताना तिनं मला शपथ घातली. थडग्यावर नाव घाल, साल घालू नको. कुणी शोधत आलं आणि एक्केचाळीस बघितलं तर माझं पोर पकडलं जाईल. सोळा वर्षं झाली. नुसतं तेक्ला कुझ्मियाक, खाली रिकामी जागा. कधी आली नाही, कधी गेली नाही, अशी. मला आता फार दिवस नाहीत, छाती भरून येते. मी गेले की ते साल सांगणारं कोणी उरणार नाही. शपथ तुझ्यासाठी होती. तूच सोडव.

माइल्स : म्हणजे मी पाथरवटाला...

पाराश्का : पाथरवटाला मी सांगेन. तू आज तिथे बोलायचंस. एवढंच, की माझी आई तेक्ला कुझ्मियाक, ती एक्केचाळीस सालच्या फेब्रुवारीत गेली. बाकी तुझ्या कर्नलचं काय करायचं ते कर. फादरनी चर्चच्या तळघरात टीव्ही आणवलाय, एरवी उपासात लावू देत नाहीत. सगळं गाव तिथे बसणार आहे. मी सांगून आलेय, इल्को आज बोलेल.

माइल्स : मला न विचारता?

पाराश्का : तू आम्हाला विचारलं होतंस?

बेनी : साहेब, मी बहिरा आहे. पण बोलू का? मी तुमचं वार्धक्य झाकलं, दारू झाकली, तो दुसऱ्या बायकोनं मारलेला ओरखडा झाकला. हे मला झाकता येणार नाही. तुम्ही त्या खुर्चीत जाऊन लव्हेंडर म्हणालात ना, तर मला दिसेल.

माइल्स : सगळं कॅमेऱ्याशेजारी धरतात त्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलं आहे. सूत्रधार विचारणार, आईचं काय आठवतं. पुठ्ठ्यावर उत्तर तयार आहे. साबणवाल्यांनी शब्द न् शब्द पास केलाय.

पाराश्का : मग पुठ्ठ्याकडे बघू नको.

माइल्स : काम जाईल.

पाराश्का : जाईल.

माइल्स : लोक म्हणतील, असला कसला मुलगा.

पाराश्का : म्हणतील. खरंच आहे ते. त्याला मी काय करू?

माइल्स : ...कसं म्हणायचं? माझी आई, तेक्ला कुझ्मियाक, एकोणीसशे एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत हे जग सोडून...

पाराश्का : असं नाही. हे पडद्यावरचं झालं. पाव मागायचास ना दुकानात, तसं बोल.

माइल्स : माझी आई तेक्ला कुझ्मियाक. एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत गेली.

पाराश्का : आता झालं.

बेनी : हे चांगलं होतं, साहेब. याच्यात मला काही हात लावायला नको.

माइल्स : मी म्हणेन, ताई.

पाराश्का : किती वर्षांनी ताई म्हणालास.

माइल्स : मी म्हणेन. बघ तू. इथेच बस, त्या टीव्हीवर दिसेल. मी परत आलो की पगाच खाऊ. कडा माझ्या.

(माइल्स जातो. कोपऱ्यातल्या टीव्हीवर साबणाची जाहिरात सुरू आहे.)

बेनी : पाणी घ्या, ताई. दमलेल्या दिसता.

पाराश्का : बसनं दमले. चार दिवस हादरे.

बेनी : म्हणेल तो. मी ओळखतो त्याला. घाबरट आहे, पण आज वेगळा दिसला.

पाराश्का : घर सोडून गेला ना, तंबूतल्या नाटकवाल्यांबरोबर, तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई दारात उभी होती. हा वळून वळून हात करत होता, नको तितका. मी म्हटलं, बघ, कसा नाटकी करतोय. आई म्हणाली, नाटकी नाही गं, तो खरंच रडतोय. मला अजून कळलेलं नाही, तेव्हा कोण बरोबर होतं.

बेनी : लागला, लागला. गप्प बसा आता. छान दिसतोय. डावा गाल बघा, कसा जमलाय.

टीव्हीवरचा सूत्रधार : ...तंबूतल्या रंगमंचापासून सत्तावन्न चित्रपटांपर्यंत! सरदार, डॉक्टर, सेनापती! आणि या सगळ्याची सुरुवात एका अनाथ मुलापासून. माइल्स, आज आपण सगळे एक कुटुंब आहोत. सांगा, आईचं काय आठवतं तुम्हाला?

बेनी : आता.

पाराश्का : थांबलाय.

बेनी : थांबू द्या. असं थांबणं बरं दिसतं.

टीव्हीवर माइल्स : माझी आई...

पाराश्का : हां. बोल, बाळा.

टीव्हीवर माइल्स : माझी आई... मी चार वर्षांचा होतो. तिचा चेहरा आठवत नाही. एवढंच आठवतं, की तिच्या हातांना लव्हेंडरचा वास यायचा.

बेनी : नाही. नाही, नाही, साहेब.

टीव्हीवरचा सूत्रधार : बघा, मंडळी, या थोर कलावंताच्या डोळ्यांत पाणी आलंय. आपण थोड्याच वेळात परत येऊ.

बेनी : ताई... पुढे म्हणेल. अजून अर्धा भाग आहे. मध्ये थांबवून म्हणेल.

पाराश्का : बंद करा.

बेनी : बघू या तरी.

पाराश्का : रडलासुद्धा बरोबर वेळेवर. बंद करा ते.

बेनी : केलं. गरम काही आणू का? कॉफी? ताई, तुम्ही बोला काहीतरी.

पाराश्का : तळघरात आता सगळे माझ्या सुनेकडे बघत असतील, तिला मी पुढे बसवून आलेय.

बेनी : तुम्ही खुर्चीत नीट टेकून बसा. पाय वर घ्या. कुणाला जायचंय आता कुठे.

(अर्धा तास जातो.)

पाराश्का : तो येतोय. पावलं त्याचीच. अजूनही डावा पाय घासतो.

माइल्स : दार लाव, बेनी. कुणाला आत येऊ देऊ नको. त्या साबणवाल्यानं मला मिठी मारली. काम माझं झालं. सप्टेंबरपासून. सगळ्यांसमोर सांगितलं त्यानं.

बेनी : अभिनंदन.

माइल्स : असा बोलू नको माझ्याशी. ताई, ऐक. मी म्हणणार होतो. 'माझी आई' इथपर्यंत मी म्हणालो, ऐकलंस ना? तेक्ला माझ्या जिभेवर होतं. पण ती पोरगी तो पुठ्ठा धरून उभी होती, अक्षरं भोपळ्याएवढी. समोर ओळ होती, ताई. चाळीस वर्षं समोर ओळ आली की मी म्हणतो. तोंडातून गेली. मी ऐकलं तेव्हा कळलं, मी म्हणालो.

पाराश्का : आणि नंतर? नंतर अर्धा तास होता.

माइल्स : नंतर टाळ्या झाल्या.

पाराश्का : विसरलास, का घाबरलास?

माइल्स : मला माहीत नाही. देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही. सवय कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो, ते मलाच सापडत नाही. पण अश्रू खरे होते, ताई. ते तिचेच होते.

पाराश्का : एक्केचाळीसचे पण तिचेच होते. तुला बक्षीस मिळालं.

माइल्स : मी पत्र लिहितो. पेपरला देतो, माझ्या सहीनं. उद्याच. सप्टेंबरमध्ये मालिका एकदा सुरू झाली की मी स्वतः येतो ब्लॅक रनला, तिच्या दगडाशी उभा राहतो, फोटोवाल्यांना बोलावतो...

पाराश्का : वसंतात ये.

माइल्स : काय?

पाराश्का : काही नाही. मेकअपवाले, त्याचा चेहरा धुवा की. किती वेळ ठेवणार तसाच?

बेनी : बसा, साहेब. डोळे मिटा. थंड लागेल जरा.

माइल्स : जाऊ नको, ताई. पगाच खायचं ठरलंय आपलं.

पाराश्का : ठेवलंय टेबलावर. कडा आहेत, मधलं पण आहे. सगळं तुलाच.

बेनी : ही बघा, निघाली खूण. निळीशार. एकतीस वर्षांत मी कधी नीट बघितलीच नाही. झाकायची घाई असायची.

पाराश्का : जरा सरका. हं. होती तिथेच आहे. मी चुलीतली राख दाबली होती, रक्त थांबेना म्हणून. तू म्हणत होतास, आईला सांगू नको.

माइल्स : ताई, रागाव ना माझ्यावर. मार. शिव्या दे.

पाराश्का : माझी बस आठची आहे. शनिवारच्या आत पोचलं पाहिजे. वही माझ्याकडे आहे, आणि मी नसले तर आमच्या घरचं कोणी वाचायला देत नाही.

माइल्स : आईचं नाव अजून वाचतात?

पाराश्का : वाचतात. आता खरंखुरं. खाली आणखी एक लिहायचं आहे. म्हणून विचारते, कुठलं लिहू? इल्को, का हे दुसरं?

माइल्स : वहीत? कशाला? ताई, मी जिवंत आहे.

पाराश्का : तीही होती.